आयोजकहो, विंचू उतरू द्या की जरा

दिवाळी पहाट, आषाढी स्पेशल, मराठी भाषा गौरव दिन, गणपतीतली सांस्कृतिक संध्या असले कार्यक्रम ठेवणाऱ्या समस्त आयोजक मंडळींना, मग तुम्ही फ्लेक्सवर हात जोडून उभे असलेले असा, सोसायटीच्या कमिटीतले असा नाहीतर परदेशातल्या महाराष्ट्र मंडळातले असा, सप्रेम नमस्कार.

मी कुणी मोठा कलाकार वगैरे नाही. आजोबांच्या भजनी मंडळात टाळ धरून वाढलो, नोकरीपायी पुण्यात आलो, आणि आता आम्ही सहा जण मिळून शनिवार-रविवार ओव्या, अभंग, भारूडं करतो, कुणी बोलावलं तर जातो. म्हणजे तुमच्या मंडपातला चहा-वडा बऱ्याचदा खाल्लाय, त्यामुळे शिव्या द्यायला लिहीत नाहीये. पण एक गोष्ट बरीच वर्षं घशात अडकलीये आणि गेल्या वर्षी एका कार्यक्रमात जे झालं त्यानंतर ती आत राहीना.

झालं असं की आम्हाला संत एकनाथांचं 'विंचू चावला' हे भारूड, म्हणजे सोंग घेऊन करायचं रूपकाचं गाणं, करायचं होतं. तुमच्यातल्याच एकाने आधीच सांगितलेलं, आठ मिनिटं, एक मिनिट वर नको, पुढे लकी ड्रॉ आहे. ठीक. विंचू चावलेला माणूस मी. धोतर सावरत, एका पायावर नाचत, ओरडत स्टेजभर फिरलो, पुढच्या रांगेतली दोन पोरं माझी नक्कल करायला लागली, बायका पदर तोंडाला लावून हसतायत, 'सर्वांगाचा दाह झाला'ला मी स्टेजवर आडवा, आणि इतक्यात विंगेतून निवेदिका माईक घेऊन आत. "वा वा वा! नाथांच्या या धमाल रचनेसाठी जोरदार टाळ्या होऊन जाऊ दे!" मी आडवाच. टाळ्या पडल्या. पडदा नव्हता म्हणून मीच उठून धोतर झटकत आत गेलो.

लोक खूश होते हो, त्यांची काहीच तक्रार नव्हती. तुम्हीपण खूश होता. फक्त माझा विंचू उतरायचा राहून गेला.

आता हे भारूड कसंय ते बघा. 'विंचू चावला वृश्चिक चावला, कामक्रोध विंचू चावला, तम घाम अंगासी आला.' विंचू कोण ते नाथ पहिल्याच ओळीत सांगून टाकतात, काही लपवलेलं नाहीये, पण तो नाचणारा माणूस बघताना आपण ते 'कामक्रोध' ऐकतच नाही, आपण हसतो, आणि नाथांना तेच हवंय. पोटभर हसू देतात. आणि मग येतो उतारा. 'ह्या विंचवाला उतारा, तमोगुण मागे सारा, सत्त्वगुण लावा अंगारा, विंचू इंगळी उतरे झरझरा.' इथे चाल तीच राहते पण करणारा वेगळा होतो, ओरडणं थांबतं, पखवाज खाली येतो. आणि सगळ्यात शेवटी माझी सगळ्यात लाडकी ओळ, 'किंचित राहिली फुणफुण, शांत केली जनार्दने'. जनार्दन म्हणजे नाथांचे गुरू. आणि फुणफुण! ज्याला खरंच विंचू चावलाय त्याला विचारा, वीष उतरल्यावरही बोटाच्या टोकाला काहीतरी वळवळत राहतं. हा शब्द वापरणाऱ्या माणसाने विंचू चावलेला माणूस जवळून बघितला असणार. सगळा राग गेला, सगळा लोभ गेला, तरी थोडं ठुसठुसत राहतं हे कबूल करून, तेवढ्या बारक्या गोष्टीसाठी गुरू लागतो असं सांगून नाथ थांबतात. आठ मिनिटांत ह्याच दोन ओळी बसल्या नाहीत.

मला आधी वाटायचं हा एकट्या माझ्या नशिबाचा भाग आहे. मग नीट बघायला लागलो तर लक्षात आलं की तुम्ही लोक सगळीकडे शेवटच कापता. मुद्दाम नाही, सवयीने.

तुमच्या फ्लेक्सवरचीच ओवी घ्या. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठी अभिजात झाली तेव्हापासून तर एक फ्लेक्स सुटत नाही, 'माझा मराठाचि बोलु कौतुकें, परि अमृतातेंही पैजां जिंके', मागे सोनेरी बॅकग्राउंड, कोपऱ्यात ज्ञानेश्वर माऊली, बाकी जागा शुभेच्छुकांची. दोन चरण आणि बास. अहो ओवी साडेतीन चरणांची असते! पुढे आहे, 'ऐसीं अक्षरें रसिकें, मेळवीन'. म्हणजे माऊली नुसती फुशारकी मारत नाहीयेत की माझी मराठी अमृताशी पैज जिंकते. ते म्हणतायत की जिंकेल अशी अक्षरं मी जुळवीन. भविष्यकाळ आहे तो. शब्द दिलाय त्यांनी, आणि पुढची हजारो ओव्यांची ज्ञानेश्वरी म्हणजे तो शब्द पाळणं आहे. आपण काय केलं, शब्द दिला तो भाग कापला आणि फुशारकी तेवढी छापली.

आणि तो अर्धा चरण मोठ्याने म्हणून बघा एकदा, घरी, कुणी नसताना. पहिले तीन चरण यमकावर आपटत येतात, कौतुकें, जिंके, रसिकें, कान चौथ्याची वाट बघतो, आणि तिथे एवढंसं 'मेळवीन'. यमक नाही, लांबी नाही. पायरी आहे समजून पाय टाकावा आणि जमीन लागावी तसं होतं. आम्ही तो चरण न गाता साध्या बोलण्याच्या आवाजात म्हणतो आणि एक श्वास थांबतो. पण ओवीला ऑर्केस्ट्राची चाल लावली की हा अर्धा चरण तालात बसत नाही, मग गायक तो ओढून ओढून लांब करतो, 'मेळवीऽऽऽऽन', नाहीतर पहिला चरण परत घेऊन खड्डा बुजवतो. चाल गोड होते, ओवी मरते.

पसायदानाचं तर बोलायलाच नको. ते तुम्ही शेवटाला ठेवता ही चांगली गोष्ट आहे, कारण ते अठराव्या अध्यायाच्या शेवटालाच आहे. पण तुमच्याकडे पसायदान म्हणजे चपला शोधायची घंटा झालीये. 'आता विश्वात्मकें देवें' सुरू झालं की मागच्या चार रांगा उठतात, पार्किंगमधून गाडी आधी काढायची असते ना. पहिल्याच ओवीत 'येणें वाग्यज्ञें तोषावें' असं आहे, वाग्यज्ञ, म्हणजे वाणीचा यज्ञ, बोलून केलेला. शके १२१२, म्हणजे १२९०, नेवाशाला माऊली समोर बसलेल्या लोकांना सांगतायत आणि सच्चिदानंदबाबा लिहून घेतायत. ते पुस्तक आधी ऐकलं गेलंय, मग वाचलं गेलंय. नवव्या अध्यायाच्या सुरुवातीला तर सरळ म्हणतात, 'तरि अवधान एकलें दीजे, मग सर्वसुखासि पात्र होइजे'. लक्ष द्या बाबांनो एवढंच मागणं. स्टेजवर उभं राहिलेला कुठलाही माणूस ही ओवी ओळखेल.

आणि त्यातच ते 'जे खळांची व्यंकटी सांडो'. शाळेत आम्ही दहा वर्षं रोज म्हटलं, आमच्या वर्गात एकाला वाटायचं की व्यंकटी हे कुणाचंतरी नाव आहे. व्यंकटी म्हणजे वाकडेपणा. दुष्ट मरोत असं मागितलेलं नाहीये, त्यांचा वाकडेपणा गळून पडो असं मागितलंय. आम्ही आता पसायदानाआधी हे एकच वाक्य सांगतो, पंधरा सेकंद लागतात, आणि दर वेळी दोन-चार माणसं उठता उठता परत बसतात. खोटं वाटत असेल तर करून बघा.

निवेदनाबद्दल ह्यासाठीच बोलायचंय. तुमचे निवेदक पाच मिनिटं बोलतात, आणि त्यात अध्यात्म, संस्कृती, भगवी पताका, चंद्रभागा, सगळं येतं, फक्त पुढच्या गाण्यातला लोकांना न कळणारा शब्द येत नाही. चारशे ते सातशे वर्षांपूर्वीची मराठी आहे ती, बरीचशी कळते, पण मधेच एक खडा लागतो आणि ऐकणारा तिथे अडकतो, मग पुढचं वाहून जातं. तेवढा खडा काढून द्या. 'पैल तोगे काऊ कोकताहे', इथे कोकताहे म्हणजे ओरडतोय, हाका मारतोय. झालं! आता ऐकणाऱ्याला पलीकडच्या झाडावरचा कावळा दिसतो आणि वाट बघणारी बाईपण दिसते. त्यावर व्याख्यान नको. इंगळी म्हणजे मोठा विंचू, हे सांगा. रोडगा म्हणजे कणकेचा भाजलेला जाड गोळा, हेही सांगा, पुण्या-मुंबईत सांगावं लागतं, विदर्भात नाही, तिकडे अजून गोवऱ्यांवर रोडगे भाजतात.

रोडग्यावरून आठवलं. एका सोसायटीत गणपतीत 'भवानी आई रोडगा वाहीन तुला' केलं. आमच्यातली एक मैत्रीण करते ते, बँकेत आहे, डोक्यावर पदर घेतला की ओळखू येत नाही. सासरा गावाला गेलाय, तिकडेच खपव त्याला. सासू जाच करते, लवकर निर्दाळ तिला. नणंदेचं पोर किरकिर करतंय, खरूज होऊ दे त्याला. हशा नुसता. दुसऱ्या रांगेत एक सासू-सून शेजारी शेजारी बसलेल्या, सून हसू दाबून लाल झालेली, सासू दगडासारखी. मग दादल्याची आहुती, त्यावर पुरुषमंडळीपण हसली. आणि मग 'एका जनार्दनी सगळेच जाऊ दे, एकटीच राहू दे मला'. आमची मैत्रीण ही ओळ तीनदा घेते. पहिल्यांदा देवीला दम देत, दुसऱ्यांदा दमून, तिसऱ्यांदा अगदी हळू, टाळ बंद, प्रेक्षकांकडे न बघता. त्या दिवशी तिसऱ्या वेळी मंडपात पंख्याचा आवाज ऐकू येत होता. कीर्तनकार सांगतील की सासू-सासरे म्हणजे जीवाला चिकटलेल्या उपाध्या, त्या सुटल्या की उरतो तो एकटा आत्मा, आणि ते बरोबरच आहे. पण नंतर वड्याच्या रांगेत ती दगडासारखी बसलेली सासू माझ्या मैत्रिणीला म्हणाली, "शेवटचं खरंय गं बाई", आणि पुढे सरकली. तिने त्यातलं काय घेतलं ते तिचं ती जाणे, पण शेवट झाला म्हणून तरी तिला काही घेता आलं.

आता जरा अवघड विषय. नाथ पैठणचे, जन्म १५३३चा, समाधी १५९९, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध करून देणारे पंडित, आणि ह्याच माणसाने तीनशेच्या आसपास भारूडं लिहिली ती वासुदेव, गोंधळी, जोशी, वाघ्या, महार, पोतराज, भुत्या अशांच्या तोंडून. त्यातल्या वासुदेवाला तुम्ही हमखास बोलावता, गेटवर मोरपिसांची टोपी घालून उभा करता सेल्फीसाठी, त्याला तोंड उघडू देत नाही. पण जोहाराची, म्हणजे महाराच्या नमस्काराने सुरू होणारी भारूडं किंवा चोखोबांचा अभंग म्हटला की तुमचा फोन येतो, 'महार' हा शब्द बदलता येईल का. समजू शकतो मी, वाद नको असतो कुणाला. पण बघा ना, 'जोहार मायबाप जोहार, तुमच्या महाराचा मी महार, बहु भुकेला जाहलो, तुमच्या उष्ट्यासाठी आलो', ह्यातला शब्द बदलून गायलात तर कुणाचं भलं झालं? चोखोबांनी स्वतःबद्दल वापरलेला शब्द आहे तो, चौदाव्या शतकात, देवळाच्या बाहेर उभं राहून. तो अभंग करायचा तर कोण म्हणतोय, कुठून म्हणतोय ते सांगून करावा, नसेल झेपत तर करू नये. मला सगळ्यात जास्त त्रास होतो तो वेगळ्याच गोष्टीचा, ह्या अभंगात 'भुकेला'वर दोन मिनिटं आलाप घेतात आणि लोक 'क्या बात है' म्हणतात.

चोखोबांच्या पत्नी सोयराबाईंचं तसंच. 'अवघा रंग एक झाला' तुमच्या प्रत्येक कार्यक्रमात असतं, असायलाच हवं. पण मी ऐकलेल्या दोन-तीन कार्यक्रमांत शेवटची ओळ आलीच नाही, रंगी रंगला श्रीरंग गजर करून करून टाळ्यांवर संपवलं. शेवटची ओळ आहे 'पाहते पाहणे गेले दूरी, म्हणे चोखियाची महारी'. सही आहे ती तिची! त्याच ओळीत ती स्वतः आहे. एवढा मोठा अभंग लिहिणाऱ्या बाईचा पत्ता आपण कापतो आणि वर निवेदनात म्हणतो की 'संत म्हणतात'. कुठले संत? नामा म्हणे, एका जनार्दनी, तुका म्हणे, ही नुसती पद्धत नाहीये, त्या ओळीत माणूस समोर येऊन उभा राहतो.

हे सगळं होतं कशामुळे, तर यादीमुळे. तुमची यादी बावीस गाण्यांची असते, वेळ दोन तासांचा. वारकरी कीर्तनात दोन तासांत एक अभंग घेतात. एक! चार-पाच चरणांचा. वीणा गळ्यात, मागे टाळकरी, बाजूला पखवाज, आणि कीर्तनकार एकेका चरणाभोवती दृष्टांत सांगत, टोमणे मारत, मधेच दुसऱ्या संतांचं प्रमाण देत फिरून परत त्याच चरणावर येतो. शेतातनं दमून आलेली माणसं खाली बसून ऐकतात आणि त्यांना कंटाळा येत नाही, मग एसी हॉलमधल्या माणसांना येईल असं तुम्हाला का वाटतं? ही परंपरा कुठे तुटलेली नाही, पोथ्या चाळून शोधून काढावी लागत नाही, आजही वारीत दिंडीबरोबर चाललात तर संध्याकाळच्या मुक्कामाला भारूड बघायला मिळेल. बघून या एकदा. तिथे एलईडी वॉलवर डुलणारा विठोबा नसतो, कंदिलाच्या जागी ट्यूब आलीये एवढंच.

बावीसच्या जागी सात घ्या. आणि त्यात एखादं असं घ्या जे कुणी ऐकलेलंच नाही. महदाइसेचे धवळे घ्या की. मराठीतली आद्य कवयित्री म्हणतो आपण तिला, तेराव्या शतकातली, महानुभाव पंथातली, आणि ते धवळे म्हणजे चक्क लग्नाची गाणी आहेत, रिद्धपूरला पंथाचे गुरू गोविंदप्रभू ह्यांच्या लग्नाचा घाट घातला तेव्हा तिने कृष्ण-रुक्मिणीच्या लग्नावर रचून म्हटलेली. आता तर त्याच रिद्धपूरला मराठी विद्यापीठ झालंय. हळदीला डीजेच्या मधे दहा मिनिटं धवळे, मला तर भारी कल्पना वाटते, घरच्यांनी अजून परवानगी दिलेली नाही.

साउंडवाल्याला एक सांगून ठेवा. टाळाला माईक लागत नाही, टाळ स्वतःच पुरेसा आहे, तुम्ही सहा टाळांना सहा माईक देता आणि मग शब्द ऐकू येत नाहीत म्हणून गायकाचा आवाज वाढवता आणि मग सगळंच किंचाळायला लागतं. कीबोर्ड नको. खरंच नको. पखवाजाला मात्र साउंडचेकला वेळ द्या, कारण डाव्या पुडीला ओली कणीक लावतात, ती लावून, थोडी काढून, परत लावून तो धुम नीट बसवायचा असतो, आणि तेव्हा "दादा, कार्पेटवर पीठ सांडू नका" असं म्हणू नका, आम्हाला ते एकदा ऐकावं लागलंय.

मानधनावर जास्त लिहीत नाही, माझं पोट नोकरीवर चालतं. पण ज्यांचं पोट भारूडावर आहे त्यांना बोलावता तेव्हा जरा बघा. एका गावाकडचं पथक आमच्याआधी होतं, आठ माणसं, एसटीने आलेली, सोंगांची पेटी टपावर टाकून. त्यांना सगळ्यांत मिळून एक शाल, एक नारळ. त्यांचा म्होरक्या जाताना मला म्हणाला, "शाल पाळीपाळीने पांघरू, नारळ तेवढा फोडून वाटता येतोय." हसत म्हणाला, भारूडवाला माणूस तो. परतीची शेवटची गाडी सव्वानऊला होती आणि तुम्ही त्यांना पाहुण्यांच्या सत्कारासाठी नऊपर्यंत थांबवलंत.

तर २७ फेब्रुवारीची तुमची तयारी चालू झालीच असेल, आम्हालाही दोन ठिकाणांहून विचारणा झालीये. आम्ही येतो. विंचवाला बावीस मिनिटं लागतात, चौदा चावायला आणि आठ उतरायला, लकी ड्रॉ त्याच्या आधी उरकून घ्या. निवेदिकेला सांगा की मी उठून उभा राहिल्याशिवाय आत येऊ नको. कणीक आम्ही घरून मळून आणू, कार्पेटवर टाकायला जुनी चादरपण आणू.

आपला,
एक टाळकरी (आणि अधूनमधून विंचू चावलेला)